लेलीचा इस्सा

“इस्त्री ठेव खाली, मा.”

मार्तेस दारातच उभी होती. हातात गाडीची किल्ली, पायात मिलमधले बूट तसेच. जूझाने मान वर केली नाही. टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरून ती आपल्या मुलाच्या, लेलीच्या, निळ्या सदऱ्याला इस्त्री करत होती. कॉलर झाली होती, एक बाही झाली होती, दुसरीवर पाणी शिंपडून झालं होतं.

“ऐकतेस ना?”

“इस्सा,” जूझा म्हणाली.

मार्तेस पुढे झाली आणि तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. आईच्या हाताखालून सदरा ओढला, दोन्ही मुठींत धरला आणि धुणं पिळावं तसा पिळून काढला. शहात्तर वर्षांची जूझा इस्त्री हातात धरून बघत राहिली.

“तुझ्या बापाने माझ्याशी असं कधी केलं नाही.”

“पांनी बरंच काही केलं नाही. म्हणून आज मला करावं लागतंय. ओव्हनमध्ये काय आहे?”

“काही नाही.”

मार्तेसने ओव्हन उघडून बघितलं. खरंच काही नव्हतं. तरी घरभर भाजलेल्या चीजचा वास होता.

“टिंपाना कुठाय, मा?”

“चेन्सूच्या घरी पाठवला,” जूझा इस्त्री खाली ठेवत म्हणाली. “ती बाई गेल्यावर आपण तरी जेवायचं की नाही? का जेवणही बंद केलंयस?”

मे महिन्यात असंच सगळं झालं होतं. मेंदूला मार बसलेल्या माणसाला आठवड्याला किती तास मदत लागते, हे वर्षातून एकदा सरकारी योजनेच्या ऑफिसातलं कुणीतरी येऊन बघतं. त्या दिवशी एक तरुण माणूस हातात टॅबलेट घेऊन आला होता. झॅमिटांच्या घरात पाहुणा येणार म्हटलं की जूझाला एकच रीत ठाऊक होती. घर लख्ख, पोरं स्वच्छ, ओव्हनमध्ये मॅकरोनीचा टिंपाना. तिने लेलीची दाढी स्वतः केली. रोज सकाळी येणाऱ्या नोएलीनने लेलीच्या स्वयंपाकघरात कपाटांवर, नळावर, शेगडीवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्या जूझाने नखांनी खरवडून काढल्या. भिंतींवर कागद बरे दिसत नाहीत म्हणून.

तरुणाने विचारलं, स्वयंपाक करतात का? जूझा म्हणाली, माझा लेली सगळं करतो. अंघोळ? सगळं. औषधं? सगळं सगळं. लेलीने त्याला चहासुद्धा करून दिला. मध्ये मध्ये तो थांबला की जूझा डोळ्यांनी पुढची वस्तू दाखवत होती. किटली. कप. चमचा. त्या तरुणाला लेलीचे हात दिसले, जूझाचे डोळे दिसले नाहीत.

मार्तेस त्या दिवशी मिलच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची गोडी मोजत बसली होती. सुट्टी मागायला हवी होती, हे तिला जुलैत कळलं, पत्र आलं तेव्हा. पत्रातलं एक वाक्य तिला पाठ झालं होतं. *सांगितलेलं काम ‘आत्ता करतो’ असं म्हणून आनंदाने स्वीकारतात. बहुतांश बाबतीत स्वावलंबी.* आठवड्याचे तीस तास होते, ते सहा केले होते. ऑक्टोबरपासून. मार्तेसने हरकत घेतली, अकरा पानं लिहिली, आणि म्हणून आज पुन्हा तपासायला एक बाई येणार होती. सकाळी दहाला.

‘आत्ता करतो’ हे लेलीने म्हटलं होतं यात शंका नव्हती. इस्सा. माल्टाहून ऑस्ट्रेलियात येताना पणजोबांनी ट्रंकेत भरून जे काही आणलं, त्यातला हा एक शब्द झॅमिटांच्या चार पिढ्यांना पुरला होता. इस्सा म्हणजे आत्ता. पण झॅमिटांच्या घरात इस्सा म्हणजे आत्तापासून पुढच्या ईस्टरपर्यंत कधीही. गोठ्याचं दार बसवायचंय? इस्सा. डॉक्टरकडे जायचंय? इस्सा. बाप पावलू मरणाच्या खाटेवर पाद्रीबाबांना इस्सा म्हणाला होता आणि त्यानंतर चार महिने जगला होता.

म्हणूनच सहा वर्षांपूर्वी लेली जेव्हा इस्पितळातून घरी आला, तेव्हा कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ऊस तोडायच्या यंत्रावरून तो डोक्यावर पडला होता, पस्तिसाव्या वर्षी. बोलणं परत आलं. चालणं परत आलं. थट्टामस्करी तर होती त्याहून वाढली. कपडे बदल म्हटलं तर म्हणायचा इस्सा, जेव म्हटलं तर इस्सा, आणि सगळे हसायचे, झॅमिटच तो. तो उठत नाहीये हे कळायला घरच्यांना तीन आठवडे लागले. ब्रिस्बेनच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सगळं जागेवर आहे, फक्त सुरुवात करणारा भाग गेला आहे. याला काम येतं. काम करायचं आहे हेही कळतं. पण सुरू होता येत नाही. कुणीतरी सुरू करून द्यावं लागेल. प्रत्येक वेळी.

ते ‘कुणीतरी’ म्हणजे नोएलीन. गेली चार वर्षं, सकाळी सात ते एक.

अंगणात ट्रक थांबला आणि जूझाचा थोरला मुलगा चेन्सू बूट आपटत आत आला. पन्नाशीचा, मानेपर्यंत धुळीने माखलेला. गाळप हंगाम ऐन भरात होता. मिलच्या छोट्या आगगाडीने रिकामे डबे सकाळीच रुळांवर आणून ठेवले होते.

“किती वेळ जाईल?” त्याने विचारलं. “यंत्र उभं करून आलोय.”

“जाईल तेवढा,” मार्तेस म्हणाली.

“म्हणजे किती?”

“म्हणजे भाऊ आहे तुझा, तेवढा.”

“सकाळीच सुरू झालीस?” चेन्सूने टोपी टेबलावर टाकली, सदऱ्याकडे बघितलं. “हे काय पोतेरं?”

“तुझ्या बहिणीने केलं,” जूझा म्हणाली. “आता माझ्या पोराने फाटक्या माणसासारखं परक्या बाईसमोर बसायचं.”

“जसा रोज असतो तसा बसेल,” मार्तेस म्हणाली. “नोएलीन आज त्याला न सांगता बसणार आहे. मी तसं सांगितलंय तिला. त्याला कुणी काही सांगायचं नाही. चेन्सू, तू पण. कुणी डोळे मिचकावायचे नाहीत, खोकायचं नाही, कपाकडे बघायचं नाही. ती बाई त्याला काहीतरी करायला सांगेल आणि आपण गप्प बसायचं. बस.”

चेन्सू हसला. चांगलं हसू नव्हतं ते. “म्हणजे त्याचं नाटक करायचं.”

“नाटक मे महिन्यात झालं. आज नाटक बंद.”

“मार्ती, एक सांगू? रागावू नकोस.” चेन्सू खुर्ची ओढून बसला. “टाउन्सव्हिलची ती जागा मी बघून आलोय. खोली चांगली आहे. बागबिग आहे. माणसं चोवीस तास असतात. हे दर वर्षी कागद भरा, हरकती घ्या, कुणाची तरी वाट बघा. मा किती वर्षं पुरणार?”

“तिथे सगळ्यात तरुण माणूस किती वर्षांचा आहे, विचारलंस?”

चेन्सू टेबलावरच्या टोपीची धूळ झटकायला लागला.

“मी विचारलं. एकोणऐंशी. आपला लेली एक्केचाळीसचा आहे.”

“मग काय करू? मी शेत करू की त्याला चमचा दाखवत बसू? आणि खरं सांगायचं तर मला अजून पटत नाही. परवा फुटबॉलचा सामना बघताना टणकन उडी मारून उठला होता. तेव्हा कसं उठता येतं? थोडा आळसही आहे. पा होते तसे. तुम्ही बायकांनी त्याला—”

“पायरी,” मार्तेस म्हणाली.

तिला म्हणायचं नव्हतं. सहा वर्षं तिने ते ओठांच्या आत ठेवलं होतं. पण आता निघालंच होतं.

“काय पायरी?”

“यंत्राची पायरी सैल झाली होती. लेलीने तुला तीनदा सांगितलं होतं. मी होते तिथे, तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा. तू काय म्हणालास?”

जूझाने टेबलाचा काठ धरला. “मार्तेस. पुरे.”

“काय म्हणालास, चेन्सू?”

चेन्सूच्या गालावरची धूळ ओठांच्या कडेला ओली झाली. त्याने टोपी उचलली, घातली, परत काढली. शेवटी म्हणाला, “सगळेच म्हणतो आपण ते.”

“हो. सगळेच म्हणतो. पण त्याला आळशी तू म्हणू नकोस. बाकी जगाने म्हणू दे. तू नको.”

 दूर रुळांवरून भरलेल्या डब्यांची गाडी खडखडत गेली. मग जूझा सावकाश म्हणाली, “मी गप्प बसेन. पण माझी एक अट आहे. त्या खुर्चीचं तू सांगायचं नाही. त्याच्यासमोर नाही.”

ती खुर्ची. गेल्या वर्षी जूझाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि नेमकी त्याच वेळी नोएलीन तापाने पडली. तिच्याऐवजी यायचा होता तो माणूस आलाच नाही. चेन्सूला वाटलं मार्तेस बघते आहे; मार्तेसला वाटलं चेन्सू. दीड दिवसाने मार्तेस इस्पितळातून येऊन बघते तर लेली खिडकीजवळच्या खुर्चीत तसाच बसलेला. फ्रिज भरलेला होता. खुर्ची ओली होती. तिला बघून तो हसला आणि म्हणाला, बरं झालं आलीस, मला केव्हाची भूक लागली आहे.

“नाही सांगणार,” मार्तेस म्हणाली. आणि मनात म्हणाली, जे सांगायला मनाई आहे तेच आता दाखवायचं.

लेली मागच्या जुन्या बराकीत राहत असे. पूर्वी तिथे ऊस तोडणारी माणसं राहायची. पावलूने मरण्याआधी तिला स्वयंपाकघर आणि न्हाणी काढून दिली होती. दहाला पाच कमी असताना सगळे तिथे जमले. लेली पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात टेबलापाशी बसला होता. दाढीचे खुंट वाढलेले, केस एका बाजूला चपटे. भिंतीवर नोएलीनच्या चिठ्ठ्या पुन्हा लागल्या होत्या. किटलीच्या वर मोठ्या अक्षरांत ‘लेली, किटली’. पण एव्हाना त्या चिठ्ठ्या लेलीच्या नजरेला भिंतीसारख्याच झाल्या होत्या.

“आज सगळे पायजम्याची मिरवणूक बघायला आलात की काय?” लेली म्हणाला. “चेन्सू, ऊस स्वतःच चालत मिलला गेला वाटतं.”

चेन्सू हसायला गेला, पण ते जमलं नाही.

नोएलीन दाराजवळच्या बाकावर हाताची घडी घालून बसली होती. जाड बांध्याची, पांढऱ्या होत चाललेल्या कुरळ्या केसांची. तिच्या पणजोबांना पॅसिफिकमधल्या एका बेटावरून बोटीत घालून याच खोऱ्यात ऊस तोडायला आणलं होतं. सरकारी कागदांचं तिला नवल नव्हतं. मार्तेस शेजारी बसली तशी ती हळूच म्हणाली, “मला हे आवडलेलं नाही, बघ. चार वर्षांत मी त्याला एकदाही लोंबकळत ठेवलं नाही.”

“मला तरी कुठे आवडलंय?”

“तू चिडली आहेस म्हणून तुला जमेल,” नोएलीन म्हणाली. “आंटी बघ कशी बसली आहे.”

जूझा कोपऱ्यात ताठ बसली होती. जपमाळ मुठीत, डोळे जमिनीवर. डोळ्यांनी काही दाखवलं जाऊ नये म्हणून.

तपासणीची बाई, कर्स्टन, वेळेवर आली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, चष्मा दोरीला लटकवलेला. टॅबलेटऐवजी तिच्याकडे कागद होते. तिने सगळ्यांशी हात मिळवले आणि खुर्ची लेलीसमोर ओढली. आईकडे किंवा बहिणीकडे नाही. मार्तेसला ती जराशी आवडली आणि त्याचाही राग आला.

“लेली, तुमचा दिवस कसा असतो?”

“झकास. सकाळी उठतो, आवरतो. नोएलीन येते, मला छळते. दुपारी जरा पडतो.”

“नोएलीन नसेल तर?”

“तर शांतता.” तो नोएलीनकडे बघून हसला. कर्स्टनही हसली. कागदावर काहीतरी लिहिलं गेलं ते मार्तेसने बघितलं. हेच मे महिन्यात झालं असणार. हे हसूच त्याला बुडवत होतं.

“चहा करता येतो का तुम्हाला?”

“उत्तम. मार्तेसपेक्षा तरी बरा. तिचा चहा म्हणजे मिलमधलं पाणी.”

“मग आम्हाला करून द्याल? सगळ्यांना?”

“इस्सा,” लेली म्हणाला, आणि गोड हसला.

“म्हणजे आत्ता,” कर्स्टन म्हणाली. “मागच्या अहवालात वाचलं मी.”

भिंतीवर दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

पहिली पाच मिनिटं जड गेली नाहीत. लेली फुटबॉलबद्दल बोलला, कर्स्टनने विचारलं त्याची उत्तरं दिली. मग कर्स्टनने विचारायचं थांबवलं, तसा लेलीही बोलायचा थांबला. तो खिडकीकडे बघायला लागला. हात टेबलावर, तळवे खाली. किटली त्याच्यापासून दीड हातावर होती.

दहा तीस. नोएलीन स्वतःच्या बुटांच्या नाड्या न्याहाळत होती.

दहा पस्तीस. लेलीने एकदा किटलीकडे बघितलं. नीट बघितलं. मार्तेसला ते दिसलं. त्याला माहीत आहे. किटली कुठे आहे हे माहीत आहे, तिचं काय करायचं हे माहीत आहे, पाच माणसं वाट बघत आहेत हेही माहीत आहे. त्याच्या कपाळावर घाम आला होता. कुणीतरी बंद गाडी रेटावी तसं तो आतल्या आत काहीतरी रेटत होता. मग त्याची नजर फिरली. तिच्याकडे आली. तिने खाली बघितलं.

माझ्या आयुष्यात मी याहून वाईट काही केलेलं नाही, तिला वाटलं. आणि हे मला करायला लावणाऱ्यांना कधी यातलं एक मिनिटही बसावं लागणार नाही. ते वाक्य लिहितात. बहुतांश बाबतीत स्वावलंबी. त्यांना माणूस पडलेला दाखवल्याशिवाय पटत नाही, आणि पडलेला दाखवायचा तर त्याच्या घरच्यांनीच त्याला पाडायचं.

दहा चाळीस. जपमाळेचा एक मणी सरकला. जूझा हलली नाही. मार्तेस मनोमन तिच्यावर लावलेली पैज हरली होती. आई पाच मिनिटंही टिकणार नाही, असं तिला वाटलं होतं.

दहा सेहेचाळीस.

“किटली!”

चेन्सू उभा होता. खुर्ची मागे पडली होती. “किटली, लेली! देवासाठी, किटली!”

लेली ताबडतोब उठला. जणू कुणी दोरी कापली. किटली भरली, बटण दाबलं, सहा कप काढले, कर्स्टनला विचारलं दूध किती. हात एकदाही अडखळला नाही. नोएलीनने पुढचं म्हटलं, नेहमीच्या आवाजात, “साखर, लेली,” आणि साखर आली.

चेन्सू तोंडावर दोन्ही हात घेऊन उभा होता. धुळीतून पाणी ओघळत होतं. “सव्वीस मिनिटं,” तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. “मी शेतात जातो. रोज शेतात जातो. मला काय माहीत तो असा बसतो?” मग तो कर्स्टनकडे वळला आणि त्याचा आवाज चढला. “लिहा. तीस तास म्हणजे हा एवढा एक शब्द. तो कुणीतरी म्हणायला लागतो. सकाळपासून. लिहिताय ना? का त्यालाही वेगळा फॉर्म आहे?”

“लिहिते आहे,” कर्स्टन म्हणाली. तिचा हात खरोखरच चालू होता. “हे मला विचारावंच लागेल, राग मानू नका. एक शब्दच पुरत असेल तर फोनवर गजर लावून चालणार नाही का?”

“लावला होता,” नोएलीन बाकावरून म्हणाली. “आठ महिने. गजर वाजतो, तो बंद करतो आणि त्यालाही सांगतो, इस्सा. गजर बिचारा ऐकून घेतो, बाई. मी घेत नाही. तो फरक आहे.”

कर्स्टनने चष्मा पुसला. कागद उलटला. “शेवटचा प्रश्न. काहीही, अगदी बारीकशी गोष्ट, ते स्वतःहून सुरू करतात का?”

 तो प्रश्न मे महिन्यातही होता. तेव्हाचं उत्तर मार्तेसने अहवालात वाचलं होतं. *आईच्या मते, सर्व काही.*

जूझाने डोळे वर केले. लेली तिच्यासमोर कप ठेवत होता. ती कपाकडे नाही, लेलीकडे बघत म्हणाली, “नाही. माझा मुलगा स्वतःहून काही करत नाही. सहा वर्षं झाली. मी खोटं बोलले होते.”

लेलीने तो कप ठेवला. उरलेला एक कप, त्याचा स्वतःचा, तसाच ओट्यावर राहिला. त्याने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

“तुम्ही बघत होतात,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “मला किटली माहीत होती, मार्ती. तू खाली बघितलंस.”

आणि तो दार उघडून बाहेर गेला.

कर्स्टनने चहा संपवला. निर्णय तिच्या हातात नाही, चार आठवडे लागतील, तोवर तास आहेत तसेच राहतील, आणि जे बघितलं ते मी बघितलं तसंच लिहीन, असं ती म्हणाली. दारात थांबून तिने जूझाचा हात धरला. जूझाने तो धरू दिला, पण जेवून जा म्हणाली नाही. झॅमिटांच्या घरातून पाहुणा न जेवता जाण्याची ही पहिलीच वेळ असावी.

चेन्सू शेतात परत गेला नाही. त्याने फोन करून यंत्र दुसऱ्याला चालवायला सांगितलं आणि घरी जाऊन टिंपाना घेऊन आला. मग ओट्यापाशी उभा राहून पानं मांडायला लागला, कुणी न सांगता, उलटेसुलटे काटे ठेवत.

“टाउन्सव्हिलला मी नाही म्हणून कळवतो,” तो मार्तेसकडे पाठ करून म्हणाला.

“कधी?”

तो तोंड उघडून थांबला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच, ताटं बाजूला सारून, नंबर लावला.

एक वाजता मार्तेस लेलीला बोलवायला गेली. तो यंत्राच्या शेडबाहेर उपड्या पिंपावर बसला होता, उसाकडे तोंड करून. तिचा राग सगळा संपला होता, किंवा आता फक्त स्वतःवरचा उरला होता. एका गोष्टीचा मात्र तिला आधार होता. लेलीचं रुसणं कधी चहाच्या कपापेक्षा जास्त टिकत नसे. पाच मिनिटांत तो विसरायचा. कशावरून भांडलो होतो, असं विचारायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तेही त्या पडण्यातच गेलं.

“लेली, चल. टिंपाना.”

तो हलला नाही.

“ऊठ, लेली,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. हा आवाज पुरतो. हा आवाज नेहमी पुरला होता. “ऊठ. हात धू.”

लेलीने वळून तिच्याकडे बघितलं. डोळे बारीक करून, पा बघायचे तसं.

“इस्सा,” तो म्हणाला.

आणि परत उसाकडे तोंड फिरवलं.

ती उभी राहिली. तो शब्द सहा वर्षांत तिने हजारो वेळा ऐकला होता. गोड, रिकामा, बटण दाबल्यावर यावा तसा. हा तसला नव्हता. हा खास झॅमिटांचा होता. यात येतो असा अर्थ नव्हताच. यात, तू जा, मला तुझं तोंड बघायचं नाही, असं होतं. तिने हिशेब केला. अकरा ते एक. दोन तास तो रागावलेला होता. दोन तास त्याने ते धरून ठेवलं होतं. आणि त्या दारातून तो बाहेर पडला तेव्हा त्याला ‘दार, लेली’ असं कुणी म्हटलं होतं?

ती परत आली. जूझा वाढण्याचा चमचा हातात घेऊन थांबली होती.

“येतोय?”

“नाही.”

“सांगितलंस का नीट? ऊठ म्हणालीस का?”

“म्हणाले. दोनदा. तो येत नाहीये, मा. रागावलाय. सकाळचं सगळं लक्षात आहे त्याच्या.”

नोएलीनने चमचा खाली ठेवला. चेन्सू फोन हातात धरून बघत राहिला. जूझाने खिडकीतून पिंपावर बसलेल्या मुलाच्या पाठीकडे बघितलं, खूप वेळ. मग तिने क्रूसाची खूण केली.

“रागावलाय,” ती म्हणाली. “स्वतःहून?”

“स्वतःहून.”

जूझाने लेलीचं ताट घेतलं, त्यावर टिंपान्याचा कडेचा खरपूस तुकडा ठेवला, त्याला आवडतो तो. वर दुसरं ताट झाकलं आणि ओव्हनमध्ये सरकवलं. दार लावून ती वळली, तेव्हा तिचा चेहरा मे महिन्यातल्यासारखा घट्ट झाला होता.

“हे त्या बाईला कळता कामा नये,” ती म्हणाली. “ऐकलंत का सगळ्यांनी? कुणी तोंड उघडायचं नाही.”